भंगाळेकाकांचे बारा क्रेडिट

भंगाळेकाकांनी पहिल्याच दिवशी माझ्याकडे वर्गाचा चार्ज मागितला.

मी बडोद्यातल्या एका कॉलेजात 'पर्यावरण परिचय' हा विषय शिकवते. जुलैतल्या त्या दिवशी दहा पाचला वर्गाशी पोहोचले, तर दारात साठी उलटलेले एक गृहस्थ उभे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात एक निळं आणि एक लाल पेन, बगलेत हातभर लांबीचं पुठ्ठ्याच्या बांधणीचं रजिस्टर. मला वाटलं, विद्यापीठाकडून कोणी तपासणीला आलंय. आणि मागच्या दोन तासांची हजेरी मी अजून चढवली नव्हती. गृहस्थ अदबीनं म्हणाले, "बेन, आधीच्या तासाचं काही पेंडिंग?"

"म्हणजे?"

"म्हणजे आधीचे सर काय चालू ठेवून गेले, काय बंद करून गेले. चार्ज घेतल्याशिवाय बसायचं कसं?"

आधीचे सर संख्याशास्त्र शिकवून गेले होते आणि पंखे चालू ठेवून गेले होते. मी तसं सांगितलं. काय म्हणून सांगितलं, देव जाणे. त्यांनी रजिस्टर उघडून 'पंखे तीन, पैकी एक आवाज करतो' अशी नोंद केली, खाली लाल रेघ मारली आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. हे गृहस्थ माझे विद्यार्थी आहेत हे मला तेव्हा कळलं. हजेरीत नाव होतं, मुरलीधर भंगाळे.

कॉलेजात शिकवता शिकवता परीक्षेचं काम सांभाळून मला सव्वीस वर्षं झाली. मी मोज्यातल्या, वेणीतल्या, जेवणाच्या डब्यातल्या कॉप्या पकडल्या आहेत. एकदा एका मुलाच्या जागी त्याचा थोरला भाऊ पेपर लिहीत होता, तेव्हाही मी आवाज न चढवता पंचनामा केला. आमचं घराणं बडोद्याच्या जुन्या सरकारी कारभारातलं. आमच्याकडे दुधाच्या पातेल्याचीसुद्धा जागा ठरलेली असते. आता आपल्याला कशाचा धक्का म्हणून बसायचा नाही, अशी माझी समजूत होती. भंगाळेकाकांनी ती समजूत दीड वर्षात धुळीला मिळवली.

आधी हे क्रेडिटचं प्रकरण काय आहे ते सांगते. हल्ली कॉलेजात नुसता आपला विषय शिकून भागत नाही. भौतिकशास्त्रवाल्यानं थोडं पर्यावरण शिकायचं, वाणिज्यवाल्यानं थोडं संवादकौशल्य, सगळ्यांनी थोडं थोडं सगळं. अशा प्रत्येक विषयाचे दोन क्रेडिट. ते तुमच्या नावे जमा होतात, आणि कॉलेज बदललं, गाव बदललं, तरी अभ्यासक्रम जुळत असेल तर तुमच्याबरोबर येतात. ते जुळतात की नाही हे पाहायचं काम आमच्या कॉलेजात माझ्याकडे आहे. कोणालाच नको होतं, म्हणून आलं. पोरं या सामान्य विषयांना 'पासिंगचे विषय' म्हणतात आणि कोणता तास जेवणाच्या सुट्टीआधी संपतो ते पाहून निवडतात.

भंगाळेकाका मात्र दीड वर्षापूर्वी प्रवेशाच्या खिडकीवर येऊन म्हणाले होते, "जे सगळ्यांना करावेच लागतात, ते सगळे द्या." आमचे हेडक्लार्क जयेशभाई यांनी विचारलं, "आणि मुख्य विषय, काका?"

"मुख्य विषय नको. तो पुढची शिफ्ट करील."

पुढची शिफ्ट म्हणजे कोण, हे जयेशभाईंनी विचारलं नाही. खिडकीवर पन्नास जण उभे होते.

काका मूळचे जळगावकडचे. एका रसायनाच्या कारखान्यात चौतीस वर्षं शिफ्टमध्ये काढून निवृत्त झालेले. तिथे म्हणे दोनच पापं होती. लॉगबुक न वाचता चार्ज घेणं, आणि रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडणं. ही दोन्ही पापं त्यांनी आमच्या कॉलेजातही कटाक्षानं टाळली. एका शनिवारी माझ्या तासानंतर वर्ग रिकामा होता, पुढे कोणाचा तासच नव्हता. पोरं पळाली. काका बसून राहिले. दीड वाजता शिपाई कुलूप लावायला आला तर हे एकटे दुसऱ्या बाकावर, रजिस्टर उघडं. "रिलीव्हर आला नाही," असं त्यांनी त्याला सांगितलं. शिपाई शहाणा. तो म्हणाला, "हुं आव्यो ने, काका. लाओ, चार्ज आपो." काकांनी त्याला पंखे, खडू, डस्टर मोजून दिले, सही घेतली आणि मग घरी गेले.

ते रजिस्टर मी एकदा चाळलं. '१०.०५ मॅडम आल्या. १०.०७ फळा पुसला. १०.११ ओझोन सुरू. १०.१८ मॅडमना शिंक. १०.१९ ओझोन पुढे चालू. १०.४० शेवटच्या बाकावर दोघे झोपले, नावे माहीत नाहीत.' माझ्या तोंडून निघालेला एकेक शब्द त्यात होता. सव्वीस वर्षांत माझं इतकं कोणी ऐकलं नव्हतं, माझ्या घरच्यांनी तर नाहीच. मला आनंद व्हायला हवा होता, पण आपलंच बोलणं आपल्यावर उलटेल याची भीती वाटली. पुढच्याच आठवड्यात त्याचा प्रत्यय आला. काकांनी हात वर केला. "बेन, मंगळवारी बोललात की पाणथळ जागा बुजवल्यामुळे विश्वामित्री नदीला पूर येतो. आज बोलता की काठावरच्या बांधकामामुळे येतो. दोन्ही लिहू की एक कट करू?"

मी दोन्ही लिहायला सांगितलं. तेव्हापासून मी घरी तयारी करून येऊ लागले. परीक्षेआधी काकांच्या लॉगबुकच्या झेरॉक्स कॉलेजसमोरच्या दुकानात मिळू लागल्या. त्यात माझी शिंकही होती.

तास संपताना काका खिशातून एक चिठ्ठी काढत आणि तीवरचा प्रश्न वाचत. मीटरवरचा आकडा वाचावा तसा वाचत. "ओझोनला भोक पडलंय हे पहिल्यांदा ज्याच्या लक्षात आलं, त्याच्यावर लोकांनी लगेच विश्वास ठेवला का?" किंवा, "झाड तोडलं की त्यावर घरटी बांधलेले होले दुसरं झाड कसं निवडतात? की तिथे आधीच कोणी असतं?" मी सव्वीस वर्षं हा आणि असले विषय शिकवतेय, होल्यांची पंचाईत कधी माझ्या डोक्यात आली नव्हती. मी म्हणे, "काका, छान प्रश्न. तुम्हाला काय वाटतं?" काका चिठ्ठी उलटून मागची बाजू पाहत. मागे काही नसे. "ते लिहिलेलं नाही," ते म्हणत.

त्यांच्या उत्तरपत्रिकेनं तर मी चाटच पडले. प्रश्न होता, पुराची कारणे आणि उपाय सांगा. काकांनी लिहिलं होतं: 'पाणी वाढले. साहेबांना कळविले. पाणी आणखी वाढले. साहेबांना पुन्हा कळविले. साहेबांनी विचारले, किती वाढले. मोजून सांगितले. पाणी उतरले.' मी दहापैकी तीन गुण दिले, आणि ती उत्तरपत्रिका स्टाफरूममध्ये चार जणांना दाखवली. एकूण पन्नासपैकी अठरा. काठावर पास.

पण घरी लिहून आणायचा निबंध होता, 'माझ्या घराजवळचा निसर्ग'. पोरांनी नेहमीप्रमाणे मोबाइलमधून उतरवलेली घनदाट जंगलं आणून दिली. मांजलपूरला राहणाऱ्या एकीच्या घराजवळ तर हिमनदी होती. आणि काकांचा निबंध असा सुरू होत होता: 'पार्किंगसाठी सोसायटीतला कडुलिंब तोडला. तेव्हापासून दुपारी तीनचे ऊन आमच्या डाळीच्या डब्यापर्यंत येते. पूर्वी ते खिडकीच्या चौकटीवर थांबत असे. एक झाड गेले की सूर्य घरात किती पुढे येतो, हे आता फरशा मोजून सांगता येते. लिंब गेला त्या दिवशी समोरच्या इमारतीतली माणसे पहिल्यांदा दिसली. ती नऊ वर्षे तिथेच होती.'

सहा पानं. मी उभ्यानं वाचायला सुरुवात केली आणि बसून संपवला. 'साहेबांना कळविले' लिहिणाऱ्या माणसानं हे लिहिलंय? मी तो कॉपी पकडणाऱ्या संगणकात घातला. त्यानं सांगितलं, कुठूनही उतरवलेला नाही. पंचवीसपैकी चोवीस गुण दिले आणि वर्गात मोठ्यानं वाचून दाखवला. शेवटच्या बाकावरचे दोघेही जागे राहिले. काका मान खाली घालून लिहीत होते. मी डोकावले. '१०.३२ निबंध वाचन सुरू. वर्ग शांत.' 'वर्ग शांत'खाली लाल रेघ होती. मला शंका यायला हवी होती. माझ्यासारखीला तर नक्कीच. पण एवढं चांगलं काही वाचायला मिळालं की माणूस पंचनामा विसरतो.

तीन सत्रांत काकांचे सहा विषय झाले. सहा विषय, बारा क्रेडिट. सगळीकडे तोच प्रकार, परीक्षेत काठावर आणि घरच्या लिखाणात सगळ्यांच्या पुढे. आणि मग एका सकाळी जयेशभाई एक कागद दोन बोटांत धरून माझ्या टेबलाशी आले. "बेन, आ जुओ ने. आवुं तो पहेली वार."

अर्ज होता. 'माझ्या नावे जमा असलेले बारा क्रेडिट माझी पत्नी सौ. कुसुम मुरलीधर भंगाळे हिच्या नावे वर्ग करण्यात यावेत.' खाली दोन सह्या. 'चार्ज देणार' आणि 'चार्ज घेणार'. दुसरी सही बाईंची, स्वच्छ आणि ठाम.

नागपूरहून बडोद्याला क्रेडिट आलेले मी पाहिले आहेत. घरबसल्या शिकलेल्या अभ्यासक्रमाचे पाहिलेत. नवऱ्याचे बायकोला? ऑफिसात हसाहशी झाली. एकानं मेव्हण्याला चार देता येतील का विचारलं. मी हसले नाही. मला राग आला होता. दीड वर्ष शिकवून माणसाला क्रेडिट म्हणजे काय तेच कळलं नसेल, तर मी शिकवलं काय?

काकांना बोलावलं. समोर बसवलं. "काका, मी गोळी घेतली तर ताप तुमचा उतरेल का?"

"नाही उतरणार."

"मग तुम्ही शिकलात तर काकूंना क्रेडिट कसे मिळतील?"

"पण बेन, कारखान्यात कोणतंच काम एका माणसाचं नसतं. ए शिफ्ट चालू करते, बी शिफ्ट सांभाळते, सी शिफ्ट माल काढते. माल कोणाचा?"

"हे कॉलेज आहे. क्रेडिट माणसाचं असतं. दुसऱ्याला देता येत नाही."

"बराबर. मग नामंजूर लिहा. पण कारण लिहा ने."

मी अर्जावर लिहिलं: 'ज्या व्यक्तीने प्रत्यक्ष काम केले, क्रेडिट त्याच व्यक्तीचे असते. सबब नामंजूर.' सही केली, शिक्का मारला. काकांनी दोनदा वाचलं. ओठ हलवत वाचलं. मग शांतपणे विचारलं, "ज्यानं काम केलं, त्याचं?"

"हो."

"सही तुमचीच ने?"

"माझीच."

"मग हे बारा तिचेच आहेत, बेन. सगळे निबंध तिनं लिहिलेत. मी नुसता आणून द्यायचो."

माझ्या हातात शिक्का तसाच होता. समोरचा माणूस आपण होऊन, दिवसाढवळ्या, शिक्कामोर्तब करून घेऊन मला सांगत होता की त्यानं सहा विषयांत गैरप्रकार केलाय. आजवर जे सापडले ते सगळे रडले, भांडले, आजारी पडले. कबुलीवर माझीच सही घेणारा हा पहिलाच. "पाच वाजता घरी या," काका म्हणाले. "चार्ज कसा देतो ते दाखवतो."

मी गेले. नियमानं जायला नको होतं, तरी गेले. मांजलपूरला जुन्या सोसायटीत तिसरा मजला, लिफ्ट नाही. वर पोहोचेपर्यंत माझा श्वास लागला. खिडकीपाशी खुर्चीत कुसुमताई बसल्या होत्या. कमरेचं हाड मोडलेलं, नीट न जुळलेलं. शेजारी वॉकर. चार वर्षांत त्या खाली उतरल्या नव्हत्या. मांडीवर पाटी असावी तशी लाकडी फळी, तिच्यावर फूलस्केप कागद, आणि पायाशी फरशीवर पेन्सिलीच्या बारीक खुणा. ऊन रोज कुठपर्यंत येतं त्याच्या.

त्या मला पाहून उठायला गेल्या. मी बसवलं. हात जोडून म्हणाल्या, "मॅडम, मी यांना सांगितलं होतं, असं वर्ग वगैरे होत नसतं. हे म्हणाले, चार्ज दिला की झालं."

मग सगळं कळलं. काका एक वाजता घरी पोहोचत. जेवण झालं की रजिस्टर उघडून सकाळचा तास वाचून दाखवत, शिंकेसकट. कुसुमताई ऐकत, अडवत, विचारत. काकांना उत्तर येत नसे. मग त्या चिठ्ठीवर प्रश्न लिहून देत, आणि दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी माझ्यापुढे वाचली जाई. होले त्यांचे होते. ओझोनचं भोक त्यांचं होतं. दीड वर्ष मी ज्या बाईंच्या प्रश्नांसाठी घरी पुस्तकं उघडत होते, त्यांना मी आज पहिल्यांदा पाहत होते.

"तुम्ही स्वतःच का नाही नाव घातलंत?" मी विचारलं. विचारताना मला वाटलं, फार शहाणा प्रश्न आहे.

कुसुमताईंनी एक प्लास्टिकची पिशवी पुढे केली. आत चाळीस वर्षांपूर्वीच्या बी.ए.च्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका. तिसऱ्या वर्षी लग्न झालं आणि बडोद्याला आल्या. काका त्या गुणपत्रिका घेऊन आमच्याच कॉलेजात आले होते, ही दोन वर्षं धरता येतील का विचारायला. सोबत आमचं उत्तर होतं. 'जुना अभ्यासक्रम जुळत नाही. नव्याने प्रवेश घ्यावा. पंचाहत्तर टक्के हजेरी आवश्यक.' खाली सही माझी.

मला तो कागद आठवेना. अशा कागदांवर मी आठवड्याला वीसेक सह्या करते, चहा गार व्हायच्या आत. तिसऱ्या मजल्यावर बसलेल्या बाईला मी पंचाहत्तर टक्के हजेरी लावायला सांगितलं होतं. मला लाज वाटली. चहाचा कप हातात होता आणि तो कुठे ठेवावा तेही सुचेना.

"एक विचारू, मॅडम?" कुसुमताई म्हणाल्या. मला वाटलं, पदवीचं विचारतील. "त्या लिंबाच्या निबंधाला पंचवीसपैकी चोवीस दिलेत. एक गुण कशाचा कापला?"

खरं कारण असं की पैकीच्या पैकी द्यायची आमच्यात पद्धत नाही. तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "असं होय. मी शेवटचा परिच्छेद चार वेळा पुन्हा लिहून पाहिला. मला वाटलं, तिथंच चुकलं."

कागद काढून दाखवले. चार परिच्छेद, चारही उत्तम.

मी मग जे खरं ते सांगितलं. हे कळल्यावर मला वर कळवावं लागेल. काकांचे बाराही क्रेडिट रद्द होतील. कुसुमताईंना ते मिळणार नाहीत. प्रकृतीच्या दाखल्यावर हजेरीची सूट मागता येईल, पण सुरुवात शून्यापासून, आणि पेपरला खाली उतरून यावं लागेल. हे बोलताना मला माझाच आवाज आवडत नव्हता.

काका म्हणाले, "कापा ने. चुकीची एंट्री कापायचीच असते."

कुसुमताई जिन्याच्या दाराकडे पाहत होत्या.

काका मला खाली सोडायला आले. माझ्या स्कूटरपाशी उभे राहिले, सीटवरची धूळ रुमालानं पुसली, आणि तरी जाईनात. मग म्हणाले, "बेन, क्रेडिट जाऊ द्या. वर्गात बसू द्याल ने?"

"आता कशाला, काका?"

"चौतीस वर्षं शिफ्ट. मी आलो की ती उठायची, ती निजायची तेव्हा मी निघायचो. पोरीचं शिक्षण, लग्न, सगळं चिठ्ठ्यांवर झालं. फ्रिजवर लावलेल्या. रिटायर झालो आणि दोघं समोरासमोर बसलो, तर बोलायला काहीच नाही. दूध आलं का, भाजी कोणती. संपलं. मग ती पडली, खालचं जगच तुटलं. चार लोक भेटायला यायचे, तेही थांबले. मी पेपर वाचून दाखवायचो, ती म्हणायची पुरे." त्यांनी रुमालाची घडी घातली. "ज्या दिवशी तुमचा ओझोन घेऊन घरी गेलो ने, त्या दिवशी आम्ही तीन तास बोललो. दिवा लावायचा विसरलो. असं लग्नानंतर पहिल्यांदा."

मी हेल्मेट घातलं. डोळे भरले होते आणि ते काकांना दिसायला नको होते.

दुसऱ्या दिवशी मी अहवाल लिहिला. खोटा लिहिणं मला जमलं नसतं. बारा क्रेडिट रद्द झाले आणि मुरलीधर भंगाळे यांना वर्षभर परीक्षेला बसायची बंदी झाली. कुसुमताईंचा अर्ज मी स्वतः भरला, हजेरीत सूट देण्याच्या शिफारशीवर स्वतः सही केली, या वेळी वाचून. आधी मिळवलेले क्रेडिट, शून्य. त्या आता रोज संध्याकाळी जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत उतरतात आणि परत चढतात. पेपर एप्रिलमध्ये आहे. त्या पोहोचतील की नाही, मला ठाऊक नाही.

उरला काकांचा प्रश्न. मी बंदीचा आदेश जयेशभाईंपुढे ठेवला. जयेशभाईंनी तो चष्म्याच्या वरून वाचला, खालून वाचला आणि म्हणाले, "बेन, आमां परीक्षामां नहीं बेसवानुं लख्युं छे. क्लासमां नहीं बेसवानुं क्यां लख्युं छे?"

वर्गात बसू नये असं खरंच नव्हतं लिहिलेलं. सव्वीस वर्षं मी नियम वाचतेय, त्यात काय लिहिलेलं नाही ते कधी वाचलं नव्हतं.

काका येतात. हजेरीत नाव नाही, तरी दहाला पाच कमी असताना दारात हजर. चार्ज घेतात, दुसऱ्या बाकावर बसतात. परवा उत्तरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आदल्या दिवशी वर्गात जेमतेम बारा पोरं होती आणि त्यांचंही लक्ष खिडकीबाहेरच्या पतंगांकडे. मी विषय लवकर गुंडाळला, म्हटलं जा, सणाची मजा करा. पोरं दप्तरं उचलायला लागली. तेवढ्यात काकांनी हात वर केला. चिठ्ठी नव्हती हातात.

"बेन, दोन दिवस उत्तरायण, मग शनिवार तुम्ही रजेवर, मग रविवार," ते म्हणाले. "चार दिवस होतात. आज जरा जास्त शिकवाल का?"

पोरं थबकली. कोणीतरी 'काका, प्लीज' म्हणालं. मी फळा पुसला आणि पुढचा धडा काढला. मग त्याच्या पुढचाही काढला. पोरं एकेक करून निघून गेली, त्यांना मी अडवलं नाही. पावणेदोनपर्यंत मी शिकवत होते आणि काका लिहून घेत होते.